सेतुमामांची खडूची रेघ

शेवटचं भेटले तेव्हा सेतुमामांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मामी गरम पाणी आणायला गेली होती. आता काहीतरी गहन ऐकायला मिळणार म्हणून मी कान त्यांच्या तोंडाशी नेला, तर ते पुटपुटले, "ऐप्पसी लागायच्या आत सेल्वमला बोलाव. माडाचं बघ म्हणावं... आणि मामीला कळू देऊ नकोस." सेल्वम म्हणजे आमच्या भागात माडांवर चढणारा माणूस. चार दिवसांनी मामा गेले आणि जाताना हे पाप माझ्या पदरात टाकून गेले. कारण अंगणातला तो माड तोडायलाच हवा असं मामा तीस वर्षं ओरडत होते, आणि त्याला कुणी कोयता लावून तर बघावा, असं मामी तीस वर्षं बजावत होती.

तुमच्याकडे पाऊस संपतो तेव्हा आमच्या तंजावरात तो सुरू होतो. ऐप्पसी, म्हणजे दिवाळीच्या आसपासचा महिना, आला की समुद्रात वादळं उठतात. राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी घरं मग मेणबत्त्या आणतात, हंडे भरून ठेवतात, दोन दिवस टिकेल असा चिंचेचा भात कालवतात. मामा मात्र खडू आणायचे. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला माणूस! अंगणातला माड घराकडे कललेला. मामा उन्हात छत्री उभी करून तिची सावली मोजायचे, मग माडाची सावली, त्यावरून माडाची उंची. मग बुंध्याला सुतळी बांधून, दारातून, खिडकीतून ओवत, तेवढ्या त्रिज्येचा कंस घरभर काढायचे. रेघेच्या अलीकडे माड पडणार, पलीकडे माणसांनी राहायचं. माड दरवर्षी वाढे, त्यामुळे रेघही वीतभर आत सरके. शिवणयंत्र गेलं, झोपाळा गेला... एका वर्षी देवघर रेघेत सापडलं. "देव आपलं बघून घेईल," मामा म्हणाले, आणि टीव्ही उचलून मागच्या खोलीत नेला.

मामीला मूल नव्हतं. तमिळमध्ये माडाच्या रोपाला तेन्नंपिळ्ळै म्हणतात, पिळ्ळै म्हणजे लेकरू, आणि मामीनं ते अगदी शब्दशः घेतलं होतं. तान्ह्या बाळाला घालावं तसं ती त्याला सकाळी पाणी घालायची, आणि वर पाहून दोन शब्द बोलायचीही.

"कमला, स्वयंपाकघर रेघेत आलं. शेगडी मागे घे."

"माझं पोर माझ्या डोक्यावर पडायचं नाही. तुमच्या पडेल. रोज शिव्या देता त्याला."

"अय्यो, गुरुत्वाकर्षणाला शिव्या कळत नाहीत!"

"त्याला कळतात."

मग ते मोठं वादळ आलं. भर दुपारी दिवे लावावे लागतील असा अंधार. मामा, मी, तांदळाचं पिंप आणि टीव्ही असे चौघं मागच्या सुरक्षित खोलीत, एकमेकांच्या अंगावर. मामी स्वयंपाकघरात पापड तळत होती. माड कमरेतून वाकत होता, सरळ होत होता, नटासारखा पुन्हा वाकत होता. मामा डोळे मिटून "आता... आता..." करत होते, आणि खरंच धाडकन आवाज झाला. पण माड जागच्या जागी! शेजारच्या गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी उडून थेट आमच्या सुरक्षित खोलीच्या कौलांवर उतरली होती. आम्ही दोघं वाचलो, टीव्ही गेला. स्वयंपाकघरातून हाक आली, "या, या, माझ्या पोराच्या सावलीत या. पापड गरम आहेत." मामांनी मुकाट्यानं सहा पापड खाल्ले. पण हार मानणारे ते मामा कसले! दुसऱ्याच दिवशी त्यांनी टाकीसाठी वेगळा कंस काढला. दोन रेघांनी मिळून सगळं घर व्यापलं. उरला फक्त न्हाणीघराचा उंबरठा. "एका वेळी एकानं उभं राहायचं," मामा गंभीरपणे म्हणाले.

ते गेल्यावर सहा आठवडे मी ते पाप वागवत होते. मरणाऱ्या माणसाचा शब्द एकीकडे, मामीचं पोर दुसरीकडे. नवरा गेला त्याच वर्षी तिच्या दारातला माडही मीच आडवा करायचा? शेवटी सेल्वमला फोन केला. "शनिवारी येतो, नेहमीसारखा," तो म्हणाला. आता मामीला घराबाहेर कसं काढायचं, याची मी दोन दिवस आरशासमोर तालीम केली. आणि शनिवारी सकाळी मामी स्वतःच चांगलं पातळ नेसून, छत्री घेऊन बाहेर आली. "बसनं ओरत्तनाडूला जाऊन येते गं." तिथे आता तिचं कोण उरलंय, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

सेल्वम आला तो दोर आणि कोयता घेऊन.

"करवत कुठे आहे?" मी विचारलं.

"करवत कशाला अम्मा? जुन्या झावळ्या आणि जड घड उतरवायचे. माथा हलका झाला की वाऱ्याला धरायला काही राहत नाही. वात्तियार दरवर्षी करून घ्यायचे." वात्तियार म्हणजे मास्तर. "एकदा मीच म्हणालो, माड घरावर पडायची एवढी भीती वाटते तर तोडून टाकू. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत!"

मी तिथेच पायरीवर बसले. तो वर चढला, झावळ्या खाली येत राहिल्या, आणि मला हसावं की रडावं ते कळेना... दोन्ही केलं.

संध्याकाळी मामी आली. फाटकातच थांबून तिनं वर पाहिलं. न्हाव्याच्या खुर्चीतून नुकतंच उठलेलं पोर दिसावं तसा माड. माझ्यानं राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

"मला काय डोळे नाहीत?" मामी म्हणाली. "दरवर्षी ऐप्पसीच्या आधीच्या शनिवारी मी ओरत्तनाडूला कशाला जाते मग? त्यांचं काम व्हावं म्हणून."

"पण तिथली तुझी बहीण जाऊन सहा वर्षं झाली!"

"झाली की. स्टँडवर कॉफी पिते, देवळात बसते, परत येते."

"आणि मामांना काय सांगायचीस?"

"बहिणीकडे जाते म्हणून. ते म्हणायचे, तिला माझा नमस्कार सांग."

मामीनं छत्री मिटली, चपला काढल्या, पायरीवर उभी राहिली. "बरं, आता सांग बघू. झावळ्यांना काय झालं? ते सांगायचे तसं सांग."

ते काय सांगत असतील हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. "वाऱ्यानं गळल्या, मामी."

"अय्यो, एवढा वारा!" ती म्हणाली, आणि पाय धुवायला आत गेली. त्या संध्याकाळी सबंध तंजावरात एक पान हलत नव्हतं.