वरच्या तीन रेघा

पुस्तकबाईंना आयुष्यात कुणी नटी म्हटलं नाही, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं त्या सांगतात. त्यावर कुणी विश्वास ठेवू नये. चाळीस वर्षं झाली, त्या रंगमंचाच्या डाव्या विंगेत एका स्टुलावर बसतात. मांडीवर नाटकाचं पुस्तक, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. नट अडला की हळूच शब्द पुरवायचा, एवढंच काम. प्रेक्षकांना त्या दिसत नाहीत आणि ऐकू आल्या तर चुकलंच म्हणायचं. त्यांचं खरं नाव काय, हे दारवानापासून दिग्दर्शकापर्यंत कुणाला धड आठवत नाही.

पुस्तकात त्यांनी पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारलेल्या असतात. एक रेघ म्हणजे एक श्वास. नट जिथे मुद्दाम थांबतो, तिथे जितके श्वास तितक्या रेघा. तेवढं मोजून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. नाहीतर नट बिचारा रंगात येऊन थांबलेला असतो आणि विंगेतून शब्द जातो. मग मध्यंतरात जो उद्धार होतो तो विचारूच नका. रेघा संपल्या आणि नट तरीही गप्पच, तर समजायचं की गाडी अडली. मग मात्र क्षणाचाही उशीर नाही.

तर चौतीस वर्षांपूर्वी याच रंगमंचावर एक नाटक आलं आणि गाजलं. नाटक्यांवरचंच नाटक. रंगपटातली भांडणं, विंगेतल्या कुरबुरी, आणि मधोमध शब्द पुरवणारी एक बाई. शेवटी सगळी मंडळी निघून जातात. ती एकटी उरते, रिकाम्या खुर्च्यांकडे बघते आणि म्हणते, "सगळे गेले." थांबते. मग म्हणते, "दिवा मीच मालवते." पडदा. ते काम थोरल्या बाई करायच्या. त्या दोन वाक्यांच्या मध्ये त्या तीन श्वास थांबायच्या आणि तेवढ्यात पुढच्या रांगांत रुमाल निघायचे.

एकशे बाराव्या प्रयोगाला थोरल्या बाई तापाने फणफणल्या. तिकिटं विकली गेलेली. आता आली का पंचाईत! तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या पुस्तकबाईंना कुणीतरी दंडाला धरून उभं केलं, कारण आख्खं नाटक तोंडपाठ असलेलं दुसरं माणूस नव्हतं. प्रयोग झाला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी थोरल्या बाईंचा ताप उतरला आणि पुस्तकबाई पुन्हा स्टुलावर. पण त्या एका प्रयोगावर त्यांनी चौतीस वर्षं काढली. जो भेटेल त्याला सांगायच्या, "एक अक्षर चुकले नाही. आणि विंगेत शब्द द्यायला कुणी नव्हतं बरं का!"

गेल्या वर्षी नवा दिग्दर्शक त्यांच्या घरी आला. तेच नाटक पुन्हा करायचं म्हणाला. थोरल्या बाई केव्हाच गेल्या. पुस्तकबाईंनी मनातल्या मनात मांडे भाजायला घेतले. चहा झाला, दुसरा चहा झाला, नवऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी झाली, पण ताकाला आलेला हा पाहुणा भांडं काही बाहेर काढेना. शेवटी म्हणाला, "बाई, तुमच्याशिवाय हे नाटक होणार नाही."

पुस्तकबाईंनी अंबाडा सारखा केला.

"जुनं पुस्तक तुमच्याकडेच असेल ना? सगळ्या खुणांसकट? आणि तुम्हीच विंगेत बसायचं हं!"

मुख्य काम मालिकेतल्या एका नटीला दिलं होतं. पस्तिशीची, टपोऱ्या डोळ्यांची. थिएटरात तिला सगळे 'नवी' म्हणू लागले. पुस्तकबाई घरी तिला काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवी तालमीला आली ती थेट पुस्तकबाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "मावशी, मला तुम्हाला बघायचंय."

"बघ. तिकीट नाही."

आणि तिने खरंच बघितलं! आठवड्याभरात तिच्या केसांत पेन्सिल आली. पान उलटताना बोट ओठाला लावणं आलं. नट बोलत असताना पुस्तकबाईंची हनुवटी नकळत हलते, हे पुस्तकबाईंनाही ठाऊक नव्हतं. नवीने ते रंगमंचावर करून दाखवलं आणि दिवेवाला, कपडेवाली, सगळे खदाखदा हसले. "हुबेहूब!" दिग्दर्शक म्हणाला. पुस्तकबाईही हसल्या. आतून मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली होती. चाळीस वर्षं ही हनुवटी इथेच हलत होती, तेव्हा कुणाला दिसली नाही. आता हिच्या तोंडावर चढली तर कला झाली!

घरी नवरा स्वयंपाकघराचा खण दुरुस्त करत बसला होता. तो या रंगमंचाचाच सुतार. गुडघ्यांनी दगा दिल्यावर घरी बसलेला.

"तिला शेवटचं वाक्य जमत नाही," पुस्तकबाईंनी भांडी आदळत सांगितलं. "रोज दोन श्वासांत उरकते. थोरल्या बाईंचे तीन असायचे."

"मग सांग की तिला."

"मी कशाला सांगू? पंचपक्वान्नाचं ताट मिळालंय, घास पण मीच भरवू?"

"जळतेयस तू," नवरा खिळा ओठांत धरून म्हणाला.

"जळतेय! काय म्हणणं आहे तुमचं?"

त्याने खिळा ठोकला.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. थिएटर गच्च भरलं होतं. नवीने पहिले दोन अंक असे काही केले की पुस्तकबाईंना एकदाही ओठ उघडावे लागले नाहीत. त्याचंही त्यांना दुखलं. निदान एखाद्या शब्दाला तरी अडायचं होतं मेलीने!

शेवट आला. मंडळी एकेक करून निघून गेली. नवी मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "सगळे गेले."

एक श्वास. दोन. वा, आज शहाणपणा सुचला, पुस्तकबाईंना वाटलं. तीन.

मग त्यांनी नवीच्या डोळ्यांकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी तेच डोळे वेगवेगळ्या तोंडांवर पाहिले होते. पोरगी थांबली नव्हती. ती विसरली होती. नाटकातलं सगळ्यात साधं वाक्य, आणि तेच गेलं होतं.

शब्द पुस्तकबाईंच्या जिभेवर होता. 'दिवा.' नुसता एवढाच सोडायचा होता.

चार.

तिसऱ्या रेघेपर्यंत त्यांना कुणी बोल लावला नसता. चौथा श्वास मात्र त्यांनी स्वतः घेतला, जाणूनबुजून, आणि खोटं कशाला सांगा, फार गोड लागला. नवीच्या कपाळावर घाम फुटला. पाच. बघू दे लोकांना या बाईसाहेबांचं 'हुबेहूब'! नवीची मान किंचित विंगेकडे वळली, ओठ थरथरले. सहा. आता मात्र पुस्तकबाईंनाच ते बघवेना.

"दिवा," त्या म्हणाल्या.

"दिवा मीच मालवते," नवी म्हणाली. आवाज चिरकला, पार फाटला. पडदा पडला आणि थिएटर उभं राहिलं. तशा टाळ्या पुस्तकबाईंनी थोरल्या बाईंच्या वेळीही ऐकल्या नव्हत्या.

दिग्दर्शक धावत आला. "काय थांबलीस गं! तालमीत कधी केलं नाहीस ते!"

नवीने पदराने घाम पुसला, एकदा पुस्तकबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशींमुळे. त्यांनीच शिकवलं."

"बाई, लिहून ठेवा," दिग्दर्शक म्हणाला. "इथे सहा श्वास. रोज!"

पुस्तकबाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि थोरल्या बाईंच्या तीन रेघांच्या पुढे आणखी तीन मारल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यापुढे चहा ठेवताना त्यांना राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्याने कप बशीत ठेवला.

"थोरल्या बाईंनी लगेच दिला होता," तो म्हणाला.

"काय?"

"शब्द. तुला. एकशे बाराव्या प्रयोगाला. मी मागच्या भिंतीला टेका देऊन उभा होतो. तू 'सगळे गेले' म्हणालीस आणि दगड झालीस. बाई तापात घोंगडी गुंडाळून आल्या होत्या, तुझ्याच स्टुलावर बसल्या होत्या. तीन मोजून झाले, चौथा होऊ दिला नाही त्यांनी."

पुस्तकबाईंच्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांना वाटत होतं, हे थोरल्या बाईंशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि त्या तर घोंगडीसकट केव्हाच गेल्या.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू इतकं छान सांगायचीस," नवरा म्हणाला. "मोडवत नव्हतं."

त्या दिवशी संध्याकाळच्या प्रयोगाआधी पुस्तकबाई रंगपटात गेल्या. नवी आरशापुढे केसांत पेन्सिल खोचत होती. दुसरं कुणी नव्हतं.

"काल मी मुद्दाम थांबले," पुस्तकबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तू विसरलीस ते मला तिसऱ्याच श्वासाला कळलं होतं. जळले मी तुझ्यावर. बस."

"माहितेय मला," नवी म्हणाली. "तुमचे ओठ उघडलेले दिसत होते."

"मग मी शिकवलं असं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगू मावशी? पहिल्याच प्रयोगाला शेवटचं वाक्य विसरले म्हणून?" आरशातूनच तिने पाहिलं. "तुम्ही असतात तर सांगितलं असतंत?"

पुस्तकबाईंजवळ या प्रश्नाचं उत्तर चौतीस वर्षांचं होतं. त्या खुर्चीमागे गेल्या, नवीच्या अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि जराशी तिरकी करून पुन्हा खोचली.

"अशी असते. सरळ खोचली की गळते." मग दाराशी जाऊन म्हणाल्या, "आज अडलीस तर लगेच देईन. शप्पथ."

"नको ना!" नवी गर्रकन वळली. "आज मला पाठ आहे. तुम्ही सहापर्यंत मोजा फक्त. टाळ्या तिथेच आहेत."

तिसरी घंटा झाली. शेवटच्या प्रवेशाला नवी मधोमध आली, "सगळे गेले" म्हणाली आणि थांबली. आज तिच्या डोळ्यांत भीतीचा लवलेश नव्हता. कालचा घाम, कालची वळलेली मान, कालचे थरथरते ओठ, सगळं तिने जसंच्या तसं उचललं होतं. समोर कुणीतरी हुंदका दिला. डाव्या विंगेत पुस्तकबाई जिभेवर शब्द धरून बसल्या होत्या आणि त्यांची हनुवटी हलत होती. चार. पाच. त्या कालच्यापेक्षा जास्त जळत होत्या.

सहा मोजून झाले. नवीने आपलं वाक्य आपणच म्हटलं आणि पुस्तकबाईंनी पुस्तक मिटलं.