दीपमालाचा अर्धा मिटलेला फोन

दीपमालानं दुमडणारा फोन घेतला आणि अणदुरात ज्याच्या त्याच्या पोटात दुखायला लागलं. सख्ख्या शेजाऱ्याशी चार शब्द न बोलणारी माणसंसुद्धा या फोनवर मत द्यायला लागली. "मुकीला फोन? आन् त्यो बी घडी घालायचा?" आता यात ह्यांच्या बापाचं काय जात होतं? पैसा तिचा. तीन वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवून बोटांना सुया टोचून घेतल्या त्याही तिनंच. तरी पारावर बसून हसायला मंडळी मोकळी!

दीपमालाचं वय चौतीस. तीन वर्षांची होती तेव्हा तापानं फणफणली आणि ताप उतरला तो कान घेऊनच. पुढं वडिलांनी तिला सोलापूरच्या मूकबधिर शाळेत घातलं. तिथं दहा वर्षं वसतिगृहात राहिली आणि तिथंच तिला भाषा मिळाली, हातांची. ती शिकवली उमादेवी बाईंनी. बाई मूळच्या उमरग्याच्या. कानडी, मराठी आणि हातांची अशा तिन्ही भाषा त्या सारख्याच फटकळपणे बोलायच्या.

शाळा संपवून पोरगी गावी आली आणि पुन्हा मुकी झाली. आई कस्तुराबाईला जेव, झोप, पाणी आण, एवढ्याच खुणा यायच्या. थोरला भाऊ धनाजी तर खांद्यावर टपली मारायचा, बोट दाखवायचा आणि झालं! घरात लग्नं ठरली, भांडणं झाली, दोन वर्षांमागं वडील गेले, तेव्हा दहाव्याला कोण काय बोललं, यातलं तिला कुणी काही सांगितलं नाही. सगळे तिच्यासमोर बसून बोलायचे आणि ती तोंडांकडं बघत राहायची. विचारलं तर हात हलवून म्हणायचे, काही न्हाय, काही न्हाय.

एक उमादेवी बाई तेवढ्या राहिल्या होत्या. नोकरी संपवून त्या उमरग्याला परतल्या होत्या आणि दर दोन दिवसांनी दीपमाला त्यांना व्हिडिओ कॉल करायची. पण साधा फोन घेऊन हातांनी बोलून बघा एकदा! एका हातात फोन धरला की बोलायला उरतो एकच हात, म्हणजे तोंडात रुमाल कोंबून बोलल्यासारखंच. शिलाई मशीनवर तेलाच्या बुधलीला टेकवून ठेवला तर ऐन रंगात आल्यावर घसरायचा आणि बाईंना दीपमालाच्या जागी घराचे पत्रे दिसायचे. चिडून चिडून ती रडायची.

म्हणून हा दुमडणारा फोन. पुस्तकासारखा उघडायचा, अर्ध्यावर थांबवायचा, की खालचा अर्धा टेबलावर बसतो आणि वरचा अर्धा ताठ उभा राहतो. कशाला टेकवायला नको. दोन्ही हात मोकळे! पहिल्या दिवशी दीपमाला बाईंशी दोन तास बोलली. मिटला की मुठीएवढा व्हायचा, ब्लाऊजमध्ये मावायचा. आणि भांडण झालं की फट्‌कन मिटून बोलणं तोडायचं, हे सुख तर साध्या फोनला कुठलं? बाईंशी मुद्दाम भांडून तिनं ते दोनदा घेतलं.

खोडी नव्हत्या असं नाही. बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकायची नाही. आतला पडदा इतका नाजूक, की नख लागलं तरी वळ उठायचा. मधोमध घडीची रेघ दिसायची, बाईंचं नाक बरोबर त्या रेघेवर यायचं. धुळीचं तर विचारूच नका. आणि बिघडला तर सोलापूर गाठा. "ह्यापरीस दोन शेळ्या घेतल्या असत्या," असं धनाजी तिच्यासमोरच आईला म्हणाला. त्याच्या तोंडाकडं बघून तिला अर्थ लागला नाही, पण फोनकडं केलेला हात बघून लागला. तिनं फोन उचलला आणि त्याच्या नाकासमोर फट्‌कन मिटला.

फोनची खरी वाट लावली ती कस्तुराबाईनं, आणि तीही मायेपोटी. घरात नवी वस्तू आली की ती खंडोबाच्या पायावर घालायची, मग तो ट्रॅक्टर असो नाहीतर मिक्सर. रविवारी म्हातारी लेकीचा फोन पदरात बांधून देवळात गेली. पुजाऱ्यानं वरून भंडारा लावला, पण तेवढ्यानं हिचं समाधान होईना. फोन उघडून तिनं आत चांगला चिमटीभर भंडारा टाकला, त्यावर समईतल्या तेलाचं बोट फिरवलं आणि पुडी बांधावी तसा फोन मिटला. आशीर्वाद सांडायला नको ना! घरी येऊन लेकीच्या हातात दिला तेव्हा तिचं तोंड कौतुकानं फुललं होतं.

दीपमालानं फोन उघडला. करकर तिला ऐकू आली नाही, पण बोटांना जाणवली. अर्ध्यावर येऊन तो जो अडकला तो ना पुढं जाईना ना मागं. बिजागरीत हळदीचा लगदा आणि पडद्याच्या घडीत पिवळी रेघ. सोलापूरच्या दुकानदारानं उलटा-सुलटा करून बघितला आणि कागदावर लिहून दिलं: जोर लावाल तर पडदा फुटेल, नवीन टाकायचा तर जवळजवळ नवा फोन. सगळ्या गावाला आनंद झाला. "गेला का वाया? आमी म्हणलंच हुतं!"

दीपमालानं तो अडकलेला फोन मशीनच्या टेबलावर ठेवला. ताठ उभा राहिला. बाईंना कॉल लावला, लागला. चित्र येत होतं, आवाज जात होता. जेवढा उघडा तिला हवा असायचा, बरोबर तेवढाच उघडा राहिला होता तो! ती हसत सुटली. आता तो ब्लाऊजमध्ये मावेना, म्हणून तिनं खणाच्या उरलेल्या तुकड्याची काटकोनी पिशवी शिवली आणि ती खांद्याला अडकवून गावातनं मुद्दाम दोन चकरा मारल्या. बघा म्हणावं, किती वाया गेलाय ते.

त्यानंतर महिन्याभरानं धनाजीनं तिला नवी साडी आणली. चांगली डाळिंबी रंगाची, काठाची. दिवाळी नाही, पंचमी नाही, आणि दादानं साडी! तिला इतका आनंद झाला की लगेच नेसली. मग दादानं खुणा केल्या: मोटारसायकल, कागद, सही. गेल्या वर्षी तिच्या अपंग पेन्शनच्या कागदावर सही करायला त्यानं असंच नेलं होतं, म्हणून ती निघाली. आई मात्र दारात आली नाही. चुलीपाशीच पदर तोंडाला लावून बसली होती. अशीच एक साडी घेऊन तिनंही एकदा आपल्या भावांना लिहून दिलं होतं. आपल्याकडं रीतच आहे ती! बहिणीला साडीचोळी करायची आणि बापाच्या जमिनीतला तिचा वाटा सोडल्याचा कागद, हक्कसोड म्हणतात तो, लिहून घ्यायचा. बहिणी हसत लिहून देतात. न दिलं तर माहेर तुटतं ना!

तुळजापूरच्या रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी कागद चाळला, दीपमालाकडं बघितलं आणि विचारलं, "ताई, हे तुम्ही राजीखुशीनं देताय ना?"

"तिला ऐकू येत न्हाय साहेब," धनाजी म्हणाला. "बोलता बी येत न्हाय. पण राजी हाय ती."

"ते तुम्ही सांगून कसं चालेल? मला त्यांना विचारायला पाहिजे."

दीपमालानं एवढंच बघितलं, की साहेब आपल्याकडं बघून काहीतरी विचारतोय आणि उत्तर दादा देतोय. जन्मभर हेच चाललं होतं. तिच्या मस्तकात सणक गेली. तिनं पिशवीतनं फोन काढला, टेबलावर शिक्क्यांच्या पॅडशेजारी ठेवला. तो आपला आपण उभा राहिला. बाई उमरग्यात भाकरी थापत होत्या, तशाच पिठाच्या हातांनी पडद्यावर आल्या. कागदावरची कचेरीची मराठी दीपमालाच्या डोक्यावरनं गेली होती, म्हणून तिनं तो कॅमेऱ्यासमोर धरला. बाईंनी वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे काय आहे, माहितीय तुला?" बाईंनी हातांनी विचारलं.

"पेन्शन."

"न्हाय ग." पिठाचे हात सावकाश हलले. "वडिलांची जमीन. त्यातला तुझा वाटा. तू बसतेस ती शिवणाची खोलीसुद्धा. सगळं दादाला. कायमचं."

दीपमालानं अंगावरच्या साडीकडं बघितलं. तिला रडू आलं, राग आला, दोन्ही एकदम. आणि तेवढ्यात धनाजी कारकुनाकडं वळून पुटपुटला, "बहिरीला काय कळतंय जमिनीतलं? घ्या की सही."

आता बाईंचा एक नियम होता. दोघांच्या मधे बसलं की जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, गाळायचं काही नाही. त्यांनी ओठावर बोटं नेऊन मिशीला पीळ दिल्याची खूण केली, म्हणजे धनाजी. मग त्याचं वाक्य जसंच्या तसं हातांनी उतरवलं. बहिरी. काय कळतंय.

कान गेल्यापासून दादाचं पूर्ण वाक्य तिला पहिल्यांदा कळलं, आणि ते हे निघालं.

मग तिचे हात सुटले. दोन्ही हात. आणि फोनमधनं बाईंचा वर्गात असायचा तसा खणखणीत आवाज आला, "साहेब, मी दीपमाला बोलतेय. माझी राजीखुशी न्हाय. मी सही करणार न्हाय."

रांगेतली माणसं पुढं सरकून बघायला लागली. धनाजीचं तोंड काळंठिक्कर पडलं. "आरं, म्या काय तिला वाऱ्यावर सोडणार हाय का?" तो कळवळून म्हणाला. बाईंनी तेही सांगितलं.

"सोडणार न्हाईस ना, मग लिहून कशाला घेतोस?" दीपमाला म्हणाली. "जमीन तूच कस, दादा. पण कागदावर माझं नाव राहील. खोलीला हात लावायचा न्हाय."

"आन् साडी?" धनाजी चिडून बोलून गेला.

"साडी लई आवडली. नेसूनच आलेय, देणार न्हाय परत. भावानं बहिणीला साडी दिली, त्याला कागद कशाला लागतो?"

साहेबांनी दस्त बाजूला सारला. "पुढचं कोण आहे?" त्यांनी हाक दिली.

धनाजी तिला तिथंच सोडून मोटारसायकलीवर निघून गेला. ती डाळिंबी साडीतच एसटीनं घरी आली. महिनाभर घरात अबोला होता. अबोल्यानं दीपमालाला काय फरक पडतो? ते घर तिच्याशी बोलत होतं कधी? कस्तुराबाईनं मात्र दुसऱ्याच दिवशी लेकीच्या शेजारी बसून बाईंकडनं एक खूण शिकून घेतली. "चूक झाली" ही ती खूण. म्हातारी ती भंडाऱ्यासाठी करत होती का साडीसाठी, हे दीपमालानं विचारलं नाही. तिनं आईचे हात धरून ठेवले.

आता तो फोन मशीनवर कायम उभा असतो, बिजागरीत पिवळा भंडारा घेऊन. धनाजी घरात बोलायला लागला. पण दीपमालासमोर काही बोलायचं झालं की आधी तो फोनकडं बघतो आणि आवाज खाली आणतो, शब्द नीट वापरतो. बॅटरी दुपारीच संपते, हे दीपमाला त्याला सांगत नाही.