धावपट्टीवरच्या देवाला पत्रिका

अंबरनाथच्या पलीकडे आमचाही एक विमानतळ आहे. सोयीसुविधा म्हणाल तर भरपूर. बसायला बाभळीची सावली, गाडी लावायला वाटेल तेवढी जागा, आणि विमान चुकायची भीती अजिबात नाही, कारण विमानच नाही. महायुद्धात गोऱ्या सरकारने आजोबांची भाताची खाचरं घेतली आणि त्यावर काँक्रीट ओतलं. युद्ध संपलं की परत देणार होते म्हणे. युद्ध संपलं, गोरेही गेले. खाचरं काही परत आली नाहीत.

माझ्या लहानपणी त्या धावपट्टीवर कुणी भात वाळवायचं, कुणी स्कूटर शिकायचं. वडील मात्र तिथे पाय ठेवण्याआधी चपला काढायचे. उन्हात काँक्रीट तव्यासारखं तापलेलं असायचं, तरीही. शेतात चपला घालून कोण जातं, म्हणायचे. कडेला आमच्या बांधावरचा देव होता, शेंदूर फासलेला एक धोंडा. घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका त्याला. पुढे भिंत उठली, फाटक आलं आणि आत जाणंच बंद झालं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. देवाला पत्रिका पोचल्याशिवाय हळद लावायची नाही, असं वडिलांनी बजावलं. म्हणून कात्रपच्या फ्लॅटमधून त्यांना रिक्षाने घेऊन गेलो. फाटकासमोर भर रस्त्यात ते चपला काढून उभे राहिले.

"अंदर जाना मना है, बाबा," पहारेकरी म्हणाला.

"शेत आपलं हाय, देव आपला हाय. नुसती पत्रिका ठेवाची."

"खेत? ये तो एअरपोर्ट है."

माझं डोकंच फिरलं. "मग दाखव ना विमान! कुठंय?" मी ओरडलो. तो बिचारा लांबच्या मुलखातला, पोटासाठी उभा. ज्यांच्यावर ओरडायला हवं ते कधी फाटकावर नसतात, हे कळत होतं, तरी ओरडलो.

शेवटी वडिलांच्या अनवाणी पायांकडे बघून त्यानेच पत्रिका घेतली आणि आत जाऊन ठेवून आला. "रख दी, बाबा. पत्थर के पास." मला हायसं वाटलं. चला, हळद तरी लागेल.

वडील हलेनात. फाटकाच्या सळ्या धरून आत बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "आवतन तं आत गेलं. पन देवाला भायेर सोरतील का?"