जीपनं गेलो की कापूस

राजकारणाला शास्त्र म्हणणं मला बरीच वर्षं थोडं लबाडीचं वाटे, तरी अमरावतीच्या कॉलेजात मी तेच शिकवत होते. ते खरंच शास्त्र असू शकतं हे मला चांदूर बाजारच्या एका विद्यार्थिनीमुळे पटलं. तिची ही गोष्ट तुम्हा लांबच्या नातवंडांसाठी.

तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. एम.ए.चा लघुप्रबंध मान्य झाला नाही, तर पुढच्या वर्षी ते तिला शिकायला ठेवणार नव्हते. विषय होता, लोक मत कशावर देतात. विभागप्रमुख सर आधीच म्हणाले होते, "राजकारण काय परीक्षानळीत घालून बघणार?"

शेतीचे ते वाईट दिवस. कापूस पडेल भावात जाई आणि मोठ्या शहरांतली माणसं जीपगाड्यांतून गावोगाव विचारपूस करत फिरत. आम्हीही कॉलेजच्या जीपनं तिच्या गावाकडच्या खेड्यांत गेलो. ज्याला विचारावं तो म्हणे, मत कापसाच्या भावावर. सर म्हणाले, "हे तर मी घरी बसून सांगितलं असतं."

मुलगी मात्र अस्वस्थ होती. "मॅडम, त्या फुलवाल्या मावशीच्या वावरात कापसाचं एक बोंड नाही. शिवणवाल्या चाचीले तर वावरच नाही. त्याबी कापूसच म्हणून राहिल्या. काहून?"

"तुला काय वाटतं?"

"जीपवाले कापसाचंच विचाराले येतात ना. पाहुण्याले पाहिजे ते द्या लागते."

आपल्याकडे पाहुण्याला चहावाचून जाऊ देत नाहीत. उत्तराचंही तसंच असेल, हे मला सुचलं नव्हतं. पण वाटणं निराळं आणि दाखवून देणं निराळं. मी तिला म्हटलं, एकच गोष्ट बदल, बाकी सगळं तसंच राहू दे. मग आम्ही चिठ्ठ्या टाकून गावं वाटली. काही गावांत ती आणि तिच्या वर्गातल्या मुली जीपनं गेल्या, काहींत एसटीनं उतरून पायी. प्रश्न तोच, मुली त्याच.

जीपच्या गावांत कापूसच निघाला. पायी गेलेल्या गावांतही कापूस होता, तो काही खोटा नव्हता, पण त्याच्या शेजारी तुंबलेली नाली आली, कॉलेजच्या मुलींसाठी सकाळची एसटी आली, दवाखान्यात टिकून राहील अशी डॉक्टरीण आली. मुली एकमेकींना उत्तरं वाचून दाखवत नुसत्या नाचत होत्या.

सरांना पटेना. "तुम्हीच पढवलं असेल." म्हणून ते स्वतः आमच्याबरोबर एसटीनं आले. पहिल्याच ओट्यावर एक बाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सरांनी प्रश्न विचारला. बाईंनी त्यांचे चकचकीत बूट पाहिले, मग त्यांच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"गाडी कुठी ठेवली, साहेब?"

"गाडी नाही. एसटीनं आलो."

"मंग कापसाचं सांगू का खरं सांगू?"

सर हसत हसत ओट्यावरच बसले. मुलगी हसली नाही, ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. बाईंनी नालीचं सांगितलं, सविस्तर, सरपंचाच्या सासूसकट. सगळं ऐकून सर उठले आणि मुलीला म्हणाले, "लिही प्रबंध. जीपचं प्रकरण पहिलं टाक."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून मोठ्यानं गाणी म्हणत होती आणि मागच्या बाकावरून सर ताल देत होते, तोही चुकीचा.