काचेवरची टिकली
आरशाला चिकटलेली लाल टिकली दिसली की माझं डोकं अजूनही तापतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट, भाईंदरला खारीगावाजवळ एका गाळ्यात आमचा कॉम्प्युटर क्लास होता, सदा पंख्याच्या घरघरीचा आणि तापलेल्या मॉनिटरच्या वासाचा. प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या ओळीत नखाएवढी करडी बटणं होती. प्रोग्राम चालवायचं कुठलं आणि बंद करायचं कुठलं, काही कळायचं नाही. म्हणून मी कपाळावरची टिकली काढून मॉनिटरच्या काचेवर, चालवायच्या बटणाखाली चिकटवली. सर भडकले. "ये क्या है? प्रोग्रामर व्हायचंय की ब्यूटी पार्लर काढायचंय?" त्यांनी ती नखाने खरवडून काढली. "पण सर, सगळी बटणं सारखीच दिसतात." "सारखी? हे बघ!" म्हणत त्यांनी ऐटीत माऊस घेतला आणि नेमकं बंद करायचं बटण दाबलं. सेव्ह करायचं का, हा प्रश्न न वाचताच 'नो' केलं. माझं अख्ख्या दुपारचं काम पुसलं गेलं. वर मलाच म्हणाले, "नीट बघत जा जरा." आता अशी बटणं मीच डिझाइन करते, आणि मीटिंगमध्ये कुणी "प्रोग्रामर लोकांना काय, कसंही चालतं" म्हणालं, की पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढून टेबलावर आपटते: "मग ह्या वाटा त्यांना."