उंबराच्या डहाळीतला माईक

माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून बुधाजीचं स्पीकरचं गोदाम आहे. माझ्या आयुष्यातलं एवढंच एक दुःख, पण ते अठरा इंची आहे. दुरुस्त केलेला प्रत्येक बॉक्स हा माणूस दुपारी तपासतो, आणि तोही माझा डोळा लागल्यावर. तक्रार केली की म्हणतो, "दादूस, तू दचकून उठलास म्हंजे बॉक्स पास झाला." इतकी वर्षं मी त्याचं फुकटचं यंत्र म्हणून काम करतोय, आणि अजून एकाही लग्नात त्याने मला मिक्सरजवळ नीट खुर्ची दिलेली नाही.

करंजाड्याच्या टॉवरांमागे आमचं जुनं गावठाण. तिथून पार उरणपर्यंत हळद, साखरपुडा, पूजा, क्रिकेटचे सामने, जिथे म्हणून आवाज लागतो तिथे बुधाजी लागतो. कामाला मात्र पक्का. मांडवात आला की आधी म्हातारी माणसं कुठे बसणार ते विचारतो आणि बॉक्सची तोंडं तिकडून फिरवतो. वायर कधी जमिनीवरून नेणार नाही. बांबूच्या कडेने, झेंडूच्या माळेखालून नेईल. प्रत्येक बॉक्सच्या वायरीला बॅटरीचा सेल टेकवून बघतो. आतला पडदा पुढे आला तर वायर बरोबर, मागे गेला तर प्लस-मायनस उलटं झालं. दोन बॉक्सपैकी एकाची वायर उलटी बसली की दोघं एकमेकांचा आवाज खातात आणि मधोमध बसलेल्याला वाटतं, ढोल गेला कुठे?

"नवराबायकोसारखं हाय," तो समजावतो. "दोगं येकाच वक्ताला पुढं आलं पायजेत."

हे तो म्हणायचा तेव्हा मला हसू यायचं. त्याच्या घरात कोण पुढे येतं आणि कोण मागे जातं ते अख्ख्या आळीला माहीत होतं.

पण आधी त्याच्या खोड्या सांगितल्या पाहिजेत, नाहीतर माणूस फारच सज्जन वाटायला लागेल. माईक तपासताना तो 'हॅलो चेक' म्हणत नाही. भर सकाळी गावभर आवाज घुमतो, "हॅलो, हॅलो, काशीराम, रात्रीची कोलंबी येकट्यानंच खाल्लीस का?" काशीराम बिचारा लुंगीतच धावत येतो. आणि भाषणं लांबवणाऱ्या पुढाऱ्यांचा तर तो काळ. त्यांचा माईक तो कधीच बंद करत नाही. तसं केलं तर लगेच कळतं. तो काय करतो, पुढाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या बॉक्समध्ये त्याचाच आवाज किंचित उशिरा सोडतो. समोरच्या लोकांना सगळं स्वच्छ ऐकू येतं. पुढाऱ्याला मात्र आपलं मागचं वाक्य पुढच्या वाक्यावर चढलेलं ऐकू येतं. तो अडखळतो, घाम पुसतो, 'विकास' म्हणायला जाऊन 'विकाकास' म्हणतो आणि जय महाराष्ट्र करून खाली बसतो. वर बुधाजीलाच सांगतो, "आज घसा बरा नाही." बुधाजी त्याला खडीसाखर देतो.

तालुक्यातला कुणीही त्याच्या बोटाखाली होता. नव्हती ती फक्त त्याची बायको.

जनी धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नातले देव भटजीच्या आधी धवलारीण बोलावते. हळदीच्या दिवशी ओटीवर तांदळाचा चौक भरून ती धवला गाते, बाकीच्या बायका मागची ओळ उचलतात आणि मगच मुलीला हळद लागते. आता गंमत बघा. ज्या घरी जनीला बोलावणं, त्याच घरी बुधाजीची सुपारी. आत ती गाणार, बाहेर हा वाजवणार. तिचा धवला ओटीच्या पायरीपर्यंत यायचा आणि तिथे याच्या बेसखाली चिरडून जायचा.

माईकवर ती गात नसे. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "देवाला मशीन लागत नाय." मागे एका घरी यजमानाने कौतुकाने तिच्यापुढे माईक धरला. ती अर्धा चौक टाकून उठली, चपला घातल्या आणि चालत घरी आली. त्या मुलीची हळद धवल्याविना लागली आणि तिची आजी अजून आमच्या आळीतून जाताना मान फिरवते. तेव्हापासून जनीच्या आसपास माईक न्यायची कुणाची छाती झाली नाही.

आणि मग त्यांच्या कीर्तीचं लग्न ठरलं.

कीर्ती कामोठ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा उरणकडचा भावेश, मुलगा चांगला, फक्त नाचताना गुडघे फार वर उचलतो. हळदीच्या आठवड्यात घरात युद्ध पेटलं. जनी म्हणाली, मांडवात बॉक्स आला तर मी गाणार नाही. बुधाजी म्हणाला, आवाजवाल्याच्या पोरीची हळद मुकी लावू काय? कीर्तीने दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "मला दोघंबी पायजेत. नायतर मी हलदीला बसनारच नाय." शेवटी तह झाला. जनी गात असेपर्यंत एकही बॉक्स तोंड उघडणार नाही आणि माईक मांडवाबाहेर राहील. तो आत दिसला तर ती उठून जाईल, मग पोरीची हळद असो की आणखी कुणाची. बुधाजी लगेच "बरं" म्हणाला. बुधाजी लगेच बरं म्हणाला की शहाण्या माणसाने काळजीला लागावं.

कीर्तीने बापाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबा, माज्या मैत्रिनींनी आयचा आवाज कदी आयकलाच नाय. ओटीवर मावतील किती पोरी?" बस, एवढं पुरलं त्याला. ओटीला लागूनच असलेल्या मांडवाच्या मुख्य मेढीला उंबराची डहाळी बांधतात, ती यंदा त्याने स्वतः बांधली. एरवी देवाधर्माच्या कामाला हा माणूस हात लावत नाही, तेव्हाच मला वास आला. डहाळीच्या पानांत त्याने शर्टाला लावायचा बारीक माईक खोचला होता आणि त्याची वायर बांबूवरून, माळेखालून, थेट बाहेर मिक्सरपर्यंत आणली होती. शिट्टी वाजू नये म्हणून सगळे बॉक्स घराकडे पाठ करून शेताकडे वळवले.

"धवला सुरू झाला का हलूच उघडायचा," तो माझ्या कानात म्हणाला. "तिला कलनारबी नाय."

"आणि कळलं तर?"

"तर पोरीची हलद र्‍हायली," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा मला त्याच्या चेहर्‍यावर भीती दिसली.

हळदीच्या दिवशी ऊन कलल्यावर बायका ओटीवर बसल्या. माझी बायको शांती जनीला लागूनच होती. उखळात मुसळांचे ठोके पडत होते. बाहेर मांडवात भावेशचे मित्र, कीर्तीच्या मैत्रिणी, पाहुणे, भजीच्या प्लेटी. आत अजून तयारी चालली होती, म्हणून बुधाजीने तेवढ्यात एखादं गाणं लावायचं ठरवलं. आता, गाण्याचा फोन नेहमी मिक्सरच्या एक नंबरच्या भोकात असतो, ही त्याची आयुष्यभराची सवय. पण सकाळच्या घाईत त्याने एक नंबरमध्ये उंबराची वायर खुपसली होती. मला हे माहीत नव्हतं, आणि त्याच्या लक्षात नव्हतं. त्याने सवयीने एक नंबरची आवाजाची पट्टी पार वरपर्यंत सरकवली.

गाण्याऐवजी सगळ्या बॉक्समधून शांती बोलली. "जने, आज तरी खरं सांग. तुजं माईकशी वाकडं काय हाय? देवाचं कारन देऊ नको."

मांडव चपापला. बुधाजीचा हात पट्टी खाली ओढायला गेला, तेवढ्यात जनीचा आवाज आला. "सांगते. पन त्याला बोलू नको."

मी बुधाजीचं मनगट घट्ट धरलं. इतक्या वर्षांच्या मोडलेल्या दुपारच्या झोपा मी त्या एका पकडीत वसूल केल्या. खरं तर धरायची गरज नव्हती. त्याचा हात आपोआपच थांबला होता. अख्ख्या तालुक्याचा आवाज कमीजास्त करणारा माणूस स्वतःच्या बायकोचा आवाज बंद करू शकत नव्हता.

"नवीन लगीन झालेलं," जनी सांगत होती. "आपटा गावात येक लगीन व्हतं, नदीच्या काठाला. हा बोल्ला, माज्या भोंग्यात गा, नदीपल्याडच्या लोकांना आयकू जाईल. मी हिरवं लुगडं नेसली. लाजत लाजत गायला लागली. मदीच यानं हात घालून माजा आवाज बंद केला न बोल्ला, रस्त्यात जीप आडवी हाय ती काडा."

मांडवात हशा पिकला. बॉक्सची तोंडं शेताकडे, आत मुसळं चाललेली. ओटीवर काही कळलं नाही.

"मंग?" शांतीने विचारलं.

"मंग काय? जीप निंगाली. न हा मना परत चालू करायला इसरला. मना काय ठावं? मी डोले मिटून शेवटपर्यंत गायली. मना वाटलं, नदीपल्याड लोक उभं र्‍हावून आयकतात. संपल्यावर येक बाई इचारते, अगं, मदीच का थांबलीस?"

आता कुणी हसलं नाही.

"मंग त्याला सांगलं का नाय कदी?"

"सांगलं असतं तर त्यानं लगेच माफी मागली असती," जनी म्हणाली. "मंग जल्मभर रुसू कशावर? येवडा चांगला राग फुकट घालवू?"

मी बुधाजीकडे पाहिलं. त्याला यातलं खरोखरच काही माहीत नव्हतं. मला त्याची दया आली आणि तिचं कौतुक वाटलं, दोन्ही एकदम. तो खुर्चीतून उठला. हळदीच्या ओटीवर बायकांत पुरुषाने जायचं नसतं, पण तो चपलांसकट चढला. मी मिक्सरवर एकटाच, पट्टी वरच. यापुढचं आम्ही सगळ्यांनी बॉक्समधूनच ऐकलं.

"जने, मी परत चालू नव्हता केला?"

मुसळं थांबली.

"तुला कोनी सांगलं?"

"तूच सांगलंस. आख्ख्या गावाला."

मग पानांची मोठी खरखर झाली. जनी उंबराची डहाळी चाचपत होती. "आय, मीच सांगलं व्हतं बाबांना," कीर्तीचा रडका आवाज आला. "उठू नको ना." बाहेर भावेश उभा राहिला होता, हातातली प्लेट तशीच. ती उठली की संपलं, हे त्या पोरालाही कळत होतं. चपलांचा आवाज येतो का म्हणून मी कान टवकारले.

एकदम कानठळ्या बसतील इतक्या जवळून हाक आली. तिने माईक हातात घेतला होता.

"भावजी! मशीनवर कोन हाय?"

"मी हाय, वयनी!" मी ओरडलो.

"तुमीच बसा. ह्याला बोटबी लावू देऊ नका. न रस्त्यात कोनाची गाडी आडवी आसंल तर आडवीच र्‍हाऊ दे. माजा राग आयकला गावानं, आता धवलाबी आयकू दे." मग माईक थोडा लांब करून, "तू निंग हितून. बायकांची जागा हाय."

बुधाजी ओटीवरून उतरला. मला वाटलं मिक्सरकडे येईल, मी पट्टीवर हात आडवा धरला. पण तो बॉक्सच्या रांगेमधून सरळ चालत गेला, शेतात उतरला आणि गाढी नदीच्या दिशेने दिसेनासा झाला. लाजला असेल, जाऊ दे, असं मी मनात म्हटलं.

जनीने धवला सुरू केला. मी तिच्या शेजारी इतकी वर्षं राहतो, पण तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. घाई नाही, वाद्य नाही. एकेका देवाला नाव घेऊन बोलावणं, मग गावदेवीला, खाडीला, मग गेलेल्या आजा-पणजांना. दवाखान्यातल्या पोरी फोन खाली ठेवून ऐकत होत्या. मी पट्टीवरचा हात हलवला नाही; नाकावर माशी बसली तरी नाही. धवला लांबलचक असतो आणि शेवटी मुलीच्या आईबापाची नावं घेऊन मिटतो. जनी नवऱ्याचं नाव कधी घेत नाही, घरात तो नुसता 'हा' असतो. ती जागा आली की सोबतच्या बाईने नाव घ्यायचं, अशी रीत.

धवला संपून कीर्तीच्या गालाला हळद लागत होती तेव्हा बुधाजी परत आला. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, धाप लागलेली. बायकांची जागा वगैरे विसरून तो पुन्हा ओटीच्या पायरीशी गेला.

"नदीपल्याड जाऊन आलो, जने. तितवर आयकू येतं. शेवटपर्यंत."

जनीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मंग सांग बरं, शेवटी नाव कोनाचं घेतलं मी?"

बुधाजी खाली बघत, पायाच्या अंगठ्याने पायरी खरवडत उभा राहिला.

"माजं," तो म्हणाला. माईक अजून चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.