हंगामानंतरची तारीख

वजनकाट्यावर ऊसगाड्यांची रांग लागलेली, एक ट्रॅक्टरवाला माझ्याशी हुज्जत घालत होता, आणि विलासच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. "भावजी, मिरजेला नेताना वाटंतच हे गेलं वो..." ट्रॅक्टरवाला भांडतच होता. मी त्याला काय बोललो ते इथं छापता येणार नाही.

विलास आमच्या साखर कारखान्याचे सर्व्हर सांभाळायचा. कडेगावकडचा, घरचा ऊस, पण गडी रमला तो सर्व्हरच्या गार खोलीत. काटा, शेतकी खातं, बिलं, सगळं तिथून चालायचं. अपडेट द्यायचे म्हणजे सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणं आलं, आणि ऐन हंगामात ते कोण करू देणार? काटा थांबला की रांग थेट हमरस्त्यावर जाते, शिव्या मला बसतात. म्हणून गव्हाणीत पहिली मोळी पडून हंगाम सुरू झाला की तो संपेपर्यंत अपडेट साठत राहायचे. मग एकदम द्यायला गेलं की निम्मे अडकायचे. कुठं डिस्क भरलेली, कुठं एकाच्या आधी दुसरा हवा... विलास एकेक निस्तरत बसायचा.

कोपऱ्यात एक जुना संगणक होता, त्याचं नाव बकरा. नवा अपडेट आधी बकऱ्यावर. तो जगला तर बाकीच्यांची पाळी, आणि तीही आधीचं सगळं जसंच्या तसं जपून ठेवल्यावरच. विलास म्हणायचा, "मागं फिरायची वाट ठेवल्याबिगर पुढं पाय टाकायचा न्हाई, गड्या." एकदा एका अपडेटनं काट्यावर वजनंच दिसेनात. माझा चहा गार व्हायच्या आत यानं सगळं आदल्या दिवशीसारखं करून दिलं. मी त्याला भडंग खाऊ घातलं.

हाच नियम शहाण्यानं स्वतःच्या काळजाला लावला. दिवाळीनंतर छातीत दुखलं म्हणून मी त्याला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, बायपास, आणि लवकर. यानं काय विचारावं? "सायेब, न्हाई जमलं तर पयल्यासारखं करून देता येतंय का?" डॉक्टर बघतच राहिले. म्हणाले, "नाही हो, तसं कसं होईल?"

बाहेर आल्यावर मी भडकलो. "आरं, तू माणूस हाईस का मशीन?"

"हंगाम संपू दे रं. नंतरची तारीख घेतलीया की."

सर्व्हरच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून दवाखान्यात नंबरही तिथल्या टेबलावरच्या फोनचा दिला. वहिनी रडल्या, मी चार दिवस बोललो नाही, हा आपला हसतोय. त्याचा राग अजून जात नाही... आणि त्या मेल्या हंगामाचाही.

गेल्या आठवड्यात हंगाम संपला. कारखान्याच्या साहेबांनी त्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली, "बघा काही जमतंय का." मी काट्यावरचा माणूस, मला काय कळणार? खुर्चीच्या पाठीवर विलासचा स्वेटर तसाच होता, फौजेतल्या भावानं दिलेला. नवे अपडेट एकट्या बकऱ्यावर चढवलेले. बाकी सगळे अजून ताटकळत होते. मी कशाला हात लावला नाही. मागं फिरायची वाट कुठं ठेवलीय, ते त्यालाच ठाऊक.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दवाखान्यातली मुलगी होती. "विलासरावांना उद्या ॲडमिट करायचंय, फाइल घेऊन या. आता तारीख पुढं ढकलणार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "आता नाही ढकलणार."

फोन ठेवला. लय गारठा होता तिथं... मी त्याचा स्वेटर अंगात घातला आणि बसून राहिलो.